मराठी टायपिंगसाठी मिंट की डेबियन?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि तेव्हापासून सांगलीत माझ्याकडे टायपिंगला येणारी माणसं कागद बाजूला ठेवून लॅपटॉपचं विचारायला लागली. मशीन सहा-सात वर्षांचं, चालतंय झकास, पण विंडोज ११ घेत नाही. नव्यासाठी पैसे घालायची इच्छा नाही. मग विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकू का, आणि टाकायचं तर तिच्या मिंट, डेबियन, उबुंटू अशा प्रकारांपैकी कुठलं?

माझं काम मराठी मजकुराचं आहे. सोसायट्यांची इतिवृत्तं, वकिलांचे दस्त, हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची पत्रं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते दिवसभर मराठी टाइप करणाऱ्यासाठी आहे. गेम खेळणाऱ्याला किंवा फक्त व्हिडिओ बघणाऱ्याला यातल्या निम्म्या गोष्टींशी देणंघेणं नाही; त्यांनी सरळ मिंट टाकावं.

उबुंटूचं नाव पुष्कळ जण घेतात. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवरच उभी आहे आणि उबुंटूचा डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरची खिडक्या-मेनूची मांडणी, ग्नोम आहे, तोच मी डेबियनवर वापरतो. त्यामुळे इथली बरीच मतं उबुंटूलाही लागू पडतील. मला स्वतःला स्नॅप पद्धतीची (उबुंटूची प्रोग्रॅम बसवायची स्वतःची रीत) पॅकेजं नको होती, म्हणून मी तिकडे गेलो नाही. तो आवडीचा भाग झाला. माझ्या टेबलावर खरी लढत झाली ती मिंट सिनॅमन (सिनॅमन हा मिंटचा डेस्कटॉप) आणि डेबियन ग्नोम या दोघांत.

बसवायला मिंट सोपं, यात वादच नाही. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की बहुतेक सगळं जागच्या जागी असतं. वायफायचा ड्रायव्हर वेगळा लागत असेल तर ड्रायव्हर मॅनेजर शोधून देतो. टाइमशिफ्ट आधीपासून बसवलेलं असतं, काही बिघडलं तर कालच्या स्थितीला परत जाता येतं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, खिडकीला तिन्ही बटणं. विंडोजवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी काही विचारावं लागत नाही, आणि ही साधी गोष्ट नाही.

डेबियन इतकं लाड करत नाही. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून फर्मवेअर, म्हणजे वायफायसारखे भाग चालवायला लागणाऱ्या फायली, अधिकृत इमेजमध्येच (बसवायच्या मूळ फाइलमध्येच) येतं, त्यामुळे पूर्वीइतकी दमछाक होत नाही. पण ब्रॉडकॉमची काही जुनी वायफाय कार्डं अजून हट्ट करतात. अशा वेळी मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, नेट येतं, मग ड्रायव्हर घ्यायचा. आणखी एक: बसवताना रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारतात, ती जागा रिकामी सोडा. तिथे पासवर्ड दिलात तर तुमच्या नेहमीच्या खात्याला सुडो, म्हणजे ते अधिकार वापरायची परवानगी, मिळत नाही आणि नवा माणूस पहिल्याच आज्ञेला अडतो. एवढं सांभाळलं की पुढे त्रास नाही. हवी असेल तर बसवतानाची भाषाही मराठी निवडता येते.

आता मूळ मुद्दा.

लिनक्समध्ये मराठी उमटवायचे दोन मार्ग आहेत. पहिला एक्सकेबी, म्हणजे कीबोर्डचा साधा नकाशा: कुठलं बटण दाबलं की कुठलं अक्षर. मराठीचे नकाशे त्यात आहेत, वेगळं काही बसवावं लागत नाही. पण या पद्धतीत एका बटणाला एकच संकेत बांधता येतो. क्ष आपल्याला एक अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र ते क, हलन्त आणि ष असे तीन संकेत आहेत. म्हणून इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांची प्रमाणित कीबोर्ड मांडणी, शिकलेला माणूस सवयीने शिफ्ट-७ दाबतो आणि क्ष येत नाही. शिफ्ट-५ चा ज्ञ, शिफ्ट-६ चा त्र, शिफ्ट-८ चा श्र, सगळ्यांची तीच गत. तोडून टाइप केले की येतात, नाही असं नाही. पण 'क्षेत्र' आणि 'श्री' हे शब्द दस्ताच्या प्रत्येक पानावर असतात, आणि बोटं विचारून चालत नाहीत.

दुसरा मार्ग आयबस. यात मध्ये एक प्रोग्रॅम बसतो, बटणं ऐकतो आणि लागतील तितके संकेत एकदम सोडतो. आयबस-एम१७एन हे पॅकेज टाकलं की मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक असे पर्याय मिळतात. ज्याला इन्स्क्रिप्ट येत नाही त्याने फोनेटिक घ्यावं, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिता येतं. तर, व्यवसाय म्हणून मराठी टाइप करायचं असेल तर आयबस हवाच.

मी मिंट वापरत होतो तेव्हा सिनॅमनमध्ये हे दोन मार्ग दोन वेगळ्या खिडक्यांत होते. कीबोर्डचे नकाशे एकीकडे, इनपुट मेथड दुसरीकडे. आयबस बसवायचा, लॉग आउट होऊन परत यायचं, मग आयबसच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची. पॅनेलवर, म्हणजे खालच्या पट्टीवर, खुणाही दोन. इंग्रजी या यादीतही आणि त्या यादीतही. एकदा भाषा निवडून तासभर तीच लिहायची असेल तर यात काही बिघडत नाही. दस्ताचं तसं नसतं. एकाच ओळीत गावाचं नाव मराठीत, लगेच पॅन नंबर इंग्रजीत, पुन्हा मराठी, मग ईमेल. ओळीत चार वेळा भाषा बदलायची. नजर कागदावर, पॅनेलकडे बघायला वेळ नाही, आणि पॅनच्या पहिल्या पाच इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीतली भलतीच अक्षरं. एका खुणेवर इंग्रजी दिसायचं आणि आयबस अजून मराठीतच असायचा. खोडा, बदला, पुन्हा लिहा. मला हाच त्रास सहन झाला नाही. बाकी मिंटबद्दल माझी एकही तक्रार नव्हती.

ग्नोममध्ये सेटिंग्ज, मग कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेस नावाची एकच यादी आहे. साधा इंग्रजी नकाशा आणि आयबसची मराठी एकाखाली एक बसतात. विंडोजचं बटण दाबून स्पेस मारला की भाषा बदलते, पडद्याच्या मधोमध क्षणभर नाव दिसतं, वरच्या पट्टीत एकच खूण राहते. प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवायचीही सोय आहे: लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा लिहायचा प्रोग्रॅम) मराठी, शेजारी ब्राउझरमध्ये इंग्रजी, आणि एकीतून दुसरीत गेलं की भाषा आपोआप बदलते. पडदा लॉक झाला तर पासवर्डाच्या चौकटीत इंग्रजीच मिळतं. आयबस ग्नोममध्ये असा एकजीव झाला तो ३.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, आणि इतक्या वर्षांचा घोटीवपणा हाताला जाणवतो. मोजमाप मी केलेलं नाही, पण संध्याकाळी मान वर करताना कमी दमलेला असतो, हे खरं.

मिंटची बाजूही सांगायला हवी. मिंट २२.३ पासून सिनॅमनमध्ये नकाशे आणि आयबस एकाच जागी आणले आहेत. माझ्या भाच्याच्या मशीनवर मी ते पाहिलं, चांगलं केलंय. म्हणजे माझ्या तक्रारीतला मोठा भाग आज सिनॅमनला लागू होत नाही. पण ही सोय सिनॅमनची आहे. रॅम चारच जीबी म्हणून मिंटची एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेली आवृत्ती घेतलीत तर दोन खिडक्यांचा जुना प्रकार तिथे आहेच. दिवसभर टाइप करणाऱ्याने शक्य असेल तर रॅम आठ जीबी करावी, एसएसडी टाकावी आणि ग्नोम घ्यावं, असं मला वाटतं. ज्याचं टायपिंग आठवड्याला एखाद्या पत्रापुरतं आहे त्याने एवढा खर्च करायची गरज नाही.

काही दुखणी दोन्हीकडे सारखीच आहेत. लिबरऑफिसमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू करून मराठीचा फाँट वेगळा ठरवावा लागतो, नाहीतर मजकुराचा आकार इंग्रजीत बदलतो आणि मराठीत बदलत नाही. मूळ इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट-१ ला हिंदीचा ऍ येतो. मराठीच्या ॲ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्यामुळे जुन्या फायलींत बहुतेक ठिकाणी अ वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं. दिसायला दोन्ही एकच, पण 'ॲड.' शोधलं तर तो जुना शब्द सापडत नाही. वकिलांच्या फायली सांभाळणाऱ्याने दोन्ही प्रकारे शोधायची सवय लावून घ्यावी. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या फायली तर युनिकोडच नाहीत. त्यांना कन्व्हर्टरमधून काढून नीट वाचून घ्यावं लागतं, मग मशीनवर काहीही असो.

आणि लग्नपत्रिकांचं काम कोरलड्रॉवर असेल तर त्याची आज लिनक्सवर आवृत्ती नाही. स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये मराठी जोडाक्षरं आता व्यवस्थित बसतात, मी छोटी पत्रकं त्यात करतो, पण छापखान्याला कोरलचीच फाइल हवी असते. टॅलीचंही तसंच. त्यासाठी एक विंडोज मशीन ठेवलेलं बरं.

डेबियनबद्दल लोक म्हणतात की सगळं जुनं मिळतं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये ग्नोम ४८ आणि लिबरऑफिस २५.२ आहे, आणि पुढची आवृत्ती येईपर्यंत तेच राहील, फक्त दुरुस्त्या आणि सुरक्षेचे अपडेट येत राहतील. मला हे आवडतं. सोमवारी सकाळी मेनू जिथे होता तिथेच सापडतो. आधार एकूण पाच वर्षांचा, म्हणजे २०३० पर्यंत. मिंट २२ चा २०२९ पर्यंत. या एका वर्षासाठी कुणी निर्णय बदलू नये.

ग्नोमला खालची पट्टी नाही, खिडकी खाली टाकायचं बटणही दिसत नाही. ते बटण ट्वीक्स या प्रोग्रॅममधून आणता येतं. घरात आणखी कुणी तोच लॅपटॉप वापरत असेल आणि त्यांना विंडोजची सवय असेल, तर या एका कारणासाठी मिंट घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

ठरवण्याआधी दोन्ही पेनड्राइव्हवरून चालवून बघा, हार्ड डिस्कला हात लागत नाही. डेबियनची ग्नोम असलेली लाइव्ह इमेज घ्या. मोबाईलवरून नेट द्या, आयबस-एम१७एन टाका, लॉग आउट होऊन परत या. तिथे खात्याचं नाव 'यूझर' आणि पासवर्ड 'लाइव्ह' असतो, दोन्ही लहान इंग्रजी अक्षरांत. मग मराठी इन्स्क्रिप्ट जोडून 'कऱ्हाड' लिहा: के, शिफ्ट-जे, डी, यू, ई आणि डावा चौकटी कंस. पाठोपाठ 'क्षेत्र', 'ज्ञानेश्वर', 'शेतकऱ्यांचे'. शेवटी तुमच्या कामातली एक खरी ओळ घ्या, जिच्यात मराठी नाव, पॅन आणि ईमेल तिन्ही आहेत, आणि पडद्याकडे न बघता कागदावरून टाइप करा. तीच ओळ मिंटवर. चुका जिथे कमी होतील ते बसवा.