आरसेटीचा शिवणकामाचा कोर्स केला, कसा वाटला ते सांगते

आधी हे सांगते की आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची असते, आणि राहणं, जेवण, शिकवणं सगळं फुकट. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरेची, तिथे 1982 ला धर्मस्थळच्या ट्रस्टने दोन बँकांना घेऊन सुरू केलं होतं, मग केंद्र सरकारने ते सगळ्या जिल्ह्यांत नेलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर, मणक्याचं ऑपरेशन झालं आणि आठ महिने घरी, घरात पैसा येणंच बंद, तेव्हा आमच्या उमेदच्या (सरकारचं बचत गटांचं अभियान) सीआरपी ताई, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या, म्हणाल्या की वहिनी रडत बसण्यापेक्षा फॉर्म भरा. गटाचं पत्र, आधार, रेशन कार्ड, फोटो, बास एवढंच लागलं. मी गेले तेव्हा वयाची अट 18 ते 45 होती.

खरं सांगू का, मला शिवता येत होतं. म्हणून पहिल्या दिवशी वाटलं कशाला आले, त्यात मशीनला हातच लावू देईनात, सगळे खेळच खेळायला लावले. डोळ्याला पट्टी बांधून डाव्या हाताने ठोकळे रचायचे, बाजूला दोघीजणी उभ्या, एक म्हणते उजवीकडे घे, दुसरी म्हणते पडलं पडलं, आणि खरंच पडलं. मग सरांनी विचारलं कुणाचं बोलणं ऐकून तुझं पडलं? सगळ्या हसल्या, पण मला सासरच्या दोनतीन जणी डोळ्यासमोर आल्या, असो.

पण पैसे वसूल म्हणजे (फुकटच होतं म्हणा 😄) तो हिशोबाचा दिवस. फळ्यावर प्रत्येकीने आपला अस्तराचा ब्लाउज मांडायचा. मी 150 घेत होते. अस्तर 45, हुक धागा कॅनव्हास 12, लाईट आणि तेल धरून 5. सर म्हणाले मजुरी लिही, तर मजुरीची जागा सगळ्यांचीच रिकामी, एकीनेसुद्धा लिहिली नव्हती. राहिले 88 आणि एका ब्लाउजला मला चार तास लागायचे म्हणजे तासाला 22 रुपये. खुरपायला गेले असते तर जास्त सुटले असते!! त्या रात्री हॉस्टेलवर झोपच लागली नाही. शिवणकाम मी आईकडून शिकले पण भाव कसा सांगायचा हे आईलाही कुणी शिकवलं नव्हतं. आज मी 280 सांगते, दोन गिऱ्हाईकं तुटली, बाकीच्या येतात.

आता कमी काय ते पण लिहिते. आमच्या सेंटरला मोटरच्या मशीन कमी होत्या, चौघीत एक, आणि ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) दोन आठवडे बंदच होतं. लहान मूल बरोबर आणता येत नाही, माझ्या सासूने सांभाळलं म्हणून जमलं, ज्यांना सासू नाही त्यांचं काय हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आमच्या बॅचमधली एक पोरगी चौथ्या दिवशी बाळाच्या आठवणीने परत गेली, शिवण तिची सगळ्यात सुबक होती.

आणि कोर्सनंतर दोन वर्षं विचारपूस करतात म्हणतात, ते खरंय, फोन येतात. पण कर्जाचं मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं. एका बँकेच्या शाखेत मुद्रा या सरकारी योजनेतल्या शिशू, म्हणजे सगळ्यात छोट्या कर्जासाठी गेले, 50 हजारापर्यंत तारण लागत नाही असं आम्हाला शिकवलेलं, तिथे साहेब म्हणाले आयटी रिटर्न आणा. अहो रिटर्न भरण्याएवढं असतं तर कशाला आले असते. तीन चकरा मारून सोडून दिलं. शेवटी गटातूनच साडेसहा हजार घेतले, महिना शेकडा दोन रुपयाने, सेकंडहँड मशीन आणली, दर सोमवारच्या मीटिंगला हप्ता देते, चुकला तर दंड पाच रुपये आणि वर सगळ्यांचं बोलणं.

जेवण ठीक, वरण पातळ. पाचपैकी चार. जाणार असाल तर कात्री आणि टेप घरची न्या, तिथल्या कात्र्यांनी कागदसुद्धा कापत नाही.