हेवीच्या स्कूलचा ब्रेकचा वर्ग: काटा शिकवला, स्लॅक राहिला

हेवीचं, म्हणजे ट्रक-बसचं लायसन्स काढायचं तर पाच नंबरचा फॉर्म, म्हणजे स्कूलचा दाखला लागतो; ड्रायव्हिंग स्कूलची पायरी काही चुकत नाही. वय 20 पूर्ण, हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं, की पोरं नाव घालायला मोकळी. जालन्यातल्या अशाच एका स्कूलबद्दलचं हे मत फक्त त्यांच्या ब्रेकच्या, म्हणजे हवेवर चालणाऱ्या एअर ब्रेकच्या वर्गापुरतं आहे. आठचा आकडा आणि रिव्हर्स सगळीकडे सारखेच शिकवतात, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

या वर्गात पैसे वसूल होतात ते मांडणीच्या टेबलावर. कॉम्प्रेसर, ड्रायर, चार तोंडांचा प्रोटेक्शन व्हॉल्व, दोन टाक्या, पायाचा व्हॉल्व, पुढचे-मागचे चेंबर (हवेने दांडी ढकलणारे डबे), शेवटी ड्रम आणि लायनर (शूवरचा घासणारा थर), असं सगळं नळ्यांनी जोडून ठेवलंय आणि त्यात खरी हवा भरतात. पेडल दाबलं की चेंबरची दांडी बाहेर येते, स्लॅक (दांडी आणि कॅम जोडणारा, कसता येणारा दांडा) फिरतो, इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम वळतो आणि दोन्ही शू ड्रमला जाऊन टेकतात. एकदा डोळ्यांनी बघितलं की पाठांतराची गरज उरत नाही.

मागच्या चाकांचा स्प्रिंग ब्रेक तर फारच नीट समजावतात. 'हवा गेली की ब्रेक गेला' हे वाक्य गॅरेजमध्ये रोज कानावर पडतं, आणि ते अर्धंच खरं आहे. पायाचा ब्रेक हवेवर लागतो, पण पार्किंगचा ब्रेक लागतो आतल्या जाड स्प्रिंगमुळे; हवा त्या स्प्रिंगला फक्त दाबून धरते. म्हणून हवा उतरली की मागची चाकं आपोआप जाम होतात. तो चेंबर खोलायला जाऊ नका, हे मास्तर दोनदा बजावतात ते बरंच करतात. स्प्रिंग मोकळी सुटली तर माणूस मरतो.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे काट्याची, म्हणजे हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरवरची तपासणी. सपाट जागा, चाकाखाली ठोकळे. इंजिन चालू ठेवून साधारण आठ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाची हवा भरू द्यायची. भरली की ड्रायर 'फुस्स' करतो. ती फुस्स आलीच नाही आणि काटा वर चढतच राहिला, तर हवा कापणारा व्हॉल्व अडकलाय. मग इंजिन बंद, पार्किंगचा खटका मोकळा, आणि पेडल मिनिटभर दाबून धरायचं. सुरुवातीला काटा थोडा उतरणारच, त्यानंतर मात्र तो जवळजवळ हलता कामा नये. अमेरिकेतल्या परीक्षेत एकट्या ट्रकला या मिनिटात 3 पीएसआयपर्यंत, म्हणजे साधारण 0.2 किलो दाब उतरायची सूट असते. आपल्याकडे आरटीओच्या मैदानावर असं कोणी मिनिट मोजत बसत नाही, पण सवयीसाठी हाच आकडा धरावा. शेवटी चावी चालू ठेवून पेडल मारत राहायचं: आधी बझर आणि लाल दिवा, मग हवा अजून उतरली की मागचे ब्रेक स्वतःहून लागतात. बझर बहुतेक मोठ्या गाड्यांत पाच किलोच्या अलीकडे-पलीकडे वाजतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघायचा.

इथवर वर्ग चोख. पण इथेच तो थांबतो, आणि तक्रार तीच आहे. काटा हवा दाखवतो, दांडी किती बाहेर येतेय ते दाखवत नाही. आठ किलोवर काटा उभा असतानाही गाडी थांबत नाही, असं घाटात होतं. लायनर झिजले आणि स्लॅक ढिला राहिला, की दांडीची बरीचशी धाव शूपर्यंत पोचण्यातच संपते. त्यात मांजरसुंब्याच्या उतारावर ऊस भरलेली गाडी सारखी ब्रेकवर धरली की ड्रम तापून फुगतो, शूपासून आणखी लांब जातो, वर तापलेला लायनर पकडही सोडतो. दांडीची धाव संपली की पेडल कितीही दाबा.

हे कळायला टेबल नको, गाडीखाली शिरायला पाहिजे. ठोकळे लावून, हवा भरून, खटका मोकळा करून स्लॅक हाताने जोर लावून ओढायचा. दांडी जिथे जोडलीय तिथे तो इंचभराहून जास्त हलला तर कसायला आलाय. हाताने कसायच्या स्लॅकचा नट शू ड्रमला टेकेपर्यंत आवळतात आणि मग पाव ते अर्धा आटा मागे घेतात. आवळताना कॅम ब्रेक लागतो त्याच बाजूला वळतोय ना, ते बघायचं; उलटा वळला तर तुम्ही ढिला करताय. स्लॅक ऑटोमॅटिक असेल तर पाना लावून भागत नाही. तो स्वतःहून कसत नसेल तर दोष कॅमच्या बुशमध्ये नाहीतर स्लॅकमध्येच असतो, आणि पाना फिरवून तो फक्त झाकला जातो. या वर्गात यावर दहा मिनिटंसुद्धा नाहीत.

घाट उतरायची रीतही तोंडीच उरकतात. उताराला लागण्याआधीच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून गाडी धरणारा) चालू. ताशी तीसने उतरायचं ठरवलं तर तीसला वेगाचा काटा टेकला की ठाम ब्रेक, बावीसवर आला की पाय पूर्ण उचलायचा, पुन्हा तीसला ठाम. पाय नुसता ठेवून द्यायचा नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल मास्तर हसून पुढे जातात; तिथे हसण्यासारखं काही नाही, इंजिनची अख्खी पकड तिथे सुटते. घाट उतरल्यावर तापल्या ड्रमवर लगेच पार्किंगचा खटकाही ओढू नये, सपाटीला ठोकळे लावून आधी गार होऊ द्यावेत.

टाकीचं पाणी काढायला शिकवतात, पण काय निघालं ते बघायला सांगत नाहीत. निव्वळ पाणी निघत असेल तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलंय. दुधाळ, तेलकट निघालं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, आणि त्या तेलाने व्हॉल्वचे रबर फुगतात.

एकूण मत: टेबल आणि काट्यासाठी जावं, स्लॅक एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडे गाडीखाली शिरून शिकावा. नाव घालण्याआधी सरावाची गाडी तेवढी बघून घ्या. या स्कूलकडे एअर ब्रेकचा ट्रक आहे. जुन्या टाटा 407 वर सराव देणारे असतील तर तिथे ब्रेक ऑइलचे, आणि डॅशबोर्डवर हवेचा काटाच नसतो.