जुन्या फोर-बाय-फोरची चेसिस घरी रंगवली: १४ महिन्यांनंतर काय टिकलं, काय सोललं

जुन्या फोर-बाय-फोरची बॉडी उचलून बाजूला ठेवली, शिडीच्या घडणीची चेसिस उघडी केली, गंज काढला, ठिगळं मारली, रंगवली आणि गाडी पुन्हा जोडली. त्याला आता १४ महिने झाले. मधल्या काळात चिखल, ओढे, खडीचे रस्ते सगळं झालं. चेसिसवर मुद्दाम दोन पद्धती वापरल्या होत्या. डाव्या रेलला (चेसिसच्या लांब उभ्या तुळईला) हवेतला ओलावा घेऊन कडक होणारा गंजरोधक युरेथेन रंग, दोन हात. उजव्या रेलला दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात, आणि वर टॉपकोट (शेवटचा वरचा रंग). रेलच्या आतल्या पोकळीत दोन्हीकडे एकच गंजरोधक मेण. आता सगळं धुऊन, हातबत्ती लावून इंच इंच पाहिलं. निकाल एका बाजूचा नाही, म्हणून सविस्तर.

आधी युरेथेन. हा रंग खड्डे पडलेल्या, गंजून खरखरीत झालेल्या लोखंडावर जसा धरतो तसा नव्या पत्र्यावर धरत नाही. जिथे वायर ब्रशनं फक्त सुटा गंज काढला होता, तिथे आजही स्क्रू-ड्रायव्हरची पात जोरात ओढली तरी रंग हलत नाही. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) ज्या ब्रॅकेटला टांगलेले असतात त्या हँगरजवळ मात्र ३ मिमी जाडीचं नवं ठिगळ आहे. त्यावरून तो कागदासारखा एका तुकड्यात निघाला. खालचा पत्रा चकचकीत होता. वेल्ड सपाट करताना बारीक फ्लॅप डिस्क फिरवली की पत्रा गुळगुळीत होतो आणि रंगाला पकडायला काही उरत नाही. उपाय सोपा आहे: ठिगळ ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवं-उभं खरवडायचं, फॉस्फोरिक आम्लाचं मेटल प्रेप लावून ओलं ठेवायचं, पाण्यानं धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि मगच रंग. नवं ठिगळ असं न खरवडता हा रंग वापरणार असाल तर वापरूच नका.

दगडांचा मारा युरेथेननं जास्त चांगला सोसला. चाकांच्या मागच्या भागात डावीकडे मोजके टवके, उजवीकडे इपॉक्सीवर बरेच. उन्हाचं मात्र उलट. टॉपकोट न दिलेल्या मागच्या क्रॉसमेंबरवर (दोन रेल जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर) युरेथेन पांढुरका, खडूसारखा झाला आहे. गंज आलेला नाही, पण दिसायला वाईट. वरचा टॉपकोट द्यायचा तर खालचा हात बोटाला किंचित चिकट लागत असतानाच द्यावा लागतो; पूर्ण कडक झाल्यावर खरवडल्याशिवाय त्यावर काहीच धरत नाही.

डब्याबद्दलही सांगायला हवं. लागेल तेवढा रंग वाटीत काढून घ्यायचा, उरलेला परत डब्यात ओतायचा नाही. काठावर रंग राहिला आणि झाकण दाबलं की ते पुन्हा उघडत नाही, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा कागद. लहान व्हीलबेसच्या एका रेलला आणि तिच्या ब्रॅकेटना दोन हातांसाठी सुमारे १ लिटर पुरतो. ब्रशनं लावा. यात आयसोसायनेट हे श्वासावाटे घातक रसायन असतं. स्प्रे करायचा तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, साधा कार्ट्रिज मास्क चालत नाही.

इपॉक्सीची तऱ्हा वेगळी. स्वच्छ, खरवडलेल्या लोखंडावर तो अप्रतिम आहे. उजव्या बाजूची ठिगळं जशीच्या तशी आहेत. पण क्रॉसमेंबर रेलला मिळतो त्या सांध्यांत तीन ठिकाणी फोड आलेत. फोडले तर खाली ओलसर, करडी पावडर. ही चूक गंज-कन्व्हर्टरची (प्रायमरआधी लावलेल्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणाची), खरं तर तो नीट न धुतल्याची. फॉस्फोरिक आम्ल गंजाचं लोह फॉस्फेट करतं, पण उरलेलं आम्ल सांध्याच्या फटीत बसून राहतं आणि इपॉक्सीच्या हार्डनरशी त्याचं पटत नाही. तेवढ्या जागी रंग नीट पकतच नाही. सपाट भागात हे झालं नाही, कारण तिथलं आम्ल धुतलं गेलं. इपॉक्सी वापरणार असाल तर फटींमध्ये कन्व्हर्टर घालूच नका. तिथे टोकदार खरवडणी, छोटा वायर ब्रश, हवेचा झोत, प्रायमर आणि प्रायमरवर सीम सीलर (फट बुजवणारा लेप).

इपॉक्सीत मोजमापात अंदाज चालत नाही. डब्यावरचं प्रमाण वजनाचं की आकारमानाचं ते आधी बघा. हवा गरम असेल तर मिसळलेलं मिश्रण लवकर घट्ट होतं, म्हणून थोडं थोडं कालवा. रंगवताना लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवं, नाहीतर न दिसणारा ओलावा रंगाखाली अडकतो. सकाळी गार पडलेली चेसिस आणि दमट हवा हा सगळ्यात वाईट संयोग.

दोन्ही बाजूंना एक दोष सारखाच आढळला: धारा. कापलेल्या ब्रॅकेटची कड, भोकांचे काठ, वेल्डच्या मण्यांचे कंगोरे. रंग ओला असताना धारेवरून मागे सरकतो, तिथला थर पातळ राहतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जिथे धार कानसेनं गोल करून, आधी फक्त कडांना ब्रशनं एक वेगळा हात दिला होता, तिथे १४ महिन्यांत काही नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा डबा विकत घेण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

आता पोकळी. ही चेसिस बंद डब्याच्या आकाराची आहे, आणि अशी चेसिस बहुतेक वेळा आतून सडते. चिखल भोकांतून आत जातो, क्रॉसमेंबरपाशी साचतो, महिनोन्महिने ओला राहतो. बाहेरून रंग धडधाकट दिसतो आणि आत पत्रा वर्खासारखा झालेला असतो. म्हणून आधी गोल तोंडाच्या हातोडीनं सगळीकडे ठोकून पाहायचं. निरोगी लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. हँगर, बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर टेकते त्या जागा) आणि मागचा क्रॉसमेंबर ही सडण्याची नेहमीची ठिकाणं.

आत लवचिक होज घालून एका टोकानं पाणी सोडायचं, दुसऱ्या टोकाकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग वाळवणं, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. ब्लोअर लावून तीन-चार दिवस द्या. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा भोकातून घालून बघा. ओलं लोखंड लगेच ओळखू येतं. वेल्डिंग सगळं संपल्यावरच मेण, कारण मेणावर वेल्डिंग म्हणजे आतल्या आत आग. चारी बाजूंना फवारणारी लांब नळी सगळ्यात आत घालायची आणि फवारत हळूहळू बाहेर ओढायची. डबा कोमट पाण्यात ठेवला तर मेण पातळ होऊन फटींत शिरतं. अख्ख्या चेसिसला सुमारे अडीच लिटर लागलं. खालच्या भोकांतून ठिबकायला लागलं की पुरेसं झालं समजा. नंतर प्रत्येक निचऱ्याच्या भोकात तार फिरवून ते मोकळं करा. हे राहिलं तर मेण आणि पाणी दोन्ही आत अडकतात.

कॅमेऱ्यानं परवा पाहिलं तेव्हा आतलं मेण बहुतेक जागी सलग होतं. फक्त मागच्या क्रॉसमेंबरच्या तळाला, जिथे रेती येऊन बसते, ते घासून गेलं होतं. बाहेरच्या रंगावर आठवडे गेले, आतल्या मेणावर एक दुपार. चेसिसचं आयुष्य मात्र त्या दुपारवर जास्त अवलंबून आहे. मेणाऐवजी तेल फवारायचा विचार असेल तर नैसर्गिक रबराचे बुश (सांध्यांतल्या रबरी पुंगळ्या) आधी झाका, खनिज तेलानं ते फुगतात.

ठिगळांबद्दल थोडकं. कापण्याआधी रेलच्या समान भोकांमध्ये दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा, वेल्डनंतर पुन्हा मोजा, म्हणजे चेसिस तिरकी झाली का ते कळतं. ठिगळाचे कोपरे गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून तडा जातो. सडलेल्या पत्र्यावर ठिगळ चढवू नका. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा. वेल्ड एका दमात ओढू नका, तुकड्या-तुकड्यानं जागा बदलत करा. आणि वेल्डिंगआधी क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका: उष्णतेनं त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून, विजेनं गंज काढून स्वच्छ केले होते. चार लिटरला एक मोठा चमचा सोडा, निगेटिव्ह वस्तूला, पॉझिटिव्ह टाकाऊ साध्या लोखंडाला. स्टेनलेस स्टील लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा जागा उघडी हवी. अॅल्युमिनियम यात टाकायचं नाही, आणि पाटे किंवा उच्च ताकदीचे बोल्टही नाहीत. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतात.

जोडणीनंतरचे त्रास बहुतेक रंगाचेच निघाले. दिवे मंद, स्टार्टर अडखळत फिरतो: अर्थची तार चेसिसला जोडायची जागा रंगवलेली होती. तिथला रंग खरवडून, दातेरी वायसर लावून, वर पेट्रोलियम जेली. पाटे अ‍ॅक्सलला धरणाऱ्या यू-बोल्टखालचा जाड रंग दाबानं बसतो आणि नट सैल पडतात, म्हणून पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर ते ठरलेल्या जोरानं (टॉर्कनं) पुन्हा आवळावे लागले. चाक टेकतं त्या हबच्या तोंडावर रंग नकोच. रबर बुशचे बोल्ट मात्र गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, लटकत्या पाट्यावर आवळले की बुश आतून फाटतो.

सध्या उजव्या बाजूचे तीन सांधे खरवडून पुन्हा प्रायमर आणि सीलर, हँगरजवळच्या ठिगळावरचा सगळा युरेथेन काढून ८० नंबरच्या पेपरनं घासून नवे दोन हात, आणि मागच्या क्रॉसमेंबरमध्ये रेती धुऊन ताजं मेण, एवढं काम काढलं आहे.