ट्यूनाचा टिन घ्यावा की सार्डिनचा?

भाचा सप्टेंबरात लीड्सला शिकायला आला. पहिल्याच आठवड्यात सुपरमार्केटमधून त्याचा फोन. "मामा, ट्यूना घेऊ की सार्डिन? जिममधले सगळे ट्यूनाच खातात." तेव्हा घाईत जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो. इंग्लंडात आल्यावर मीही याच फळीसमोर उभा होतो, आणि पुढची बरीच वर्षं ट्यूनाच खात होतो.

ट्यूनाचं कौतुक उगाच होत नाही. पाणी काढल्यावर 100 ग्रॅम ट्यूनात साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात आणि पाण्यातला असेल तर चरबी जेमतेम ग्रॅमभर. चूल न पेटवता, परवडणाऱ्या भावात आणि इतक्या कमी कॅलरीत एवढी प्रथिनं देणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. वर बी-12 आणि सेलेनियम. काटा नाही, वासही बेताचा. वजन उतरवायचं एवढंच मनात असेल तर पुढे वाचायची फारशी गरज नाही, ट्यूना घ्या.

सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जवळची. प्रथिनांत दोघांत उन्नीस-बीसचाच फरक. चरबी मात्र सार्डिनमध्ये दहा-अकरा ग्रॅम, त्यामुळे कॅलरी जवळपास दुप्पट. पण ज्या ओमेगा-3 साठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ते या चरबीतच असतं. 100 ग्रॅम सार्डिनमध्ये ते ग्रॅमभर तरी मिळतं, पाण्यातल्या साध्या ट्यूनात त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास. इथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस आठवड्यातून दोनदा मासे खा, त्यात एकदा तेलकट मासा असू द्या असं सांगते. ट्यूना, ताजा असो की टिनमधला, तेलकट माशांत धरत नाहीत. मला हे कळलं तेव्हा मी कोलेस्टेरॉलच्या नावाने तीन वर्षं ट्यूना खाऊन बसलो होतो.

अमेरिकेत टिनमधला ट्यूना आला तोच मुळी सार्डिनच्या जागी. 1903 साली कॅलिफोर्नियात सॅन पेड्रोला सार्डिन जाळ्यात येईनाशी झाली, तेव्हा अल्बर्ट हाफहिल यांनी कारखान्यातल्या रिकाम्या टिनांत ट्यूना भरून पाहिला. वाफवल्यावर त्याचं मांस पांढरं पडतं, बरंच तेल निघून जातं आणि चव कोंबडीच्या जवळ जाते. मासे न खाणाऱ्या घरांतही तो शिरला तो यामुळेच. लोकांना आवडलं ते हे तेल गेलेलं, कोरडं मांस.

आणि त्या कोरडेपणापाशीच माझं आणि ट्यूनाचं बिनसलं. टिनवर 145 ग्रॅम लिहिलेलं असतं, निथळल्यावर हाती येतात 102. झाकण अंगठ्याने दाबून पाणी सिंकमध्ये ओतायचं, ते मनगटावरून ओघळायचं, आणि सिंकला संध्याकाळपर्यंत वास. ते एक वेळ चालेल. पण उरतो तो ओला भुसा. पोळीत गुंडाळला तरी घास तोंडात फिरत राहतो, घशाखाली उतरायला पाणी लागतं. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, वर लिंबू पिळून पाहिलं. चव आली, कोरडेपणा तसाच. दही घालावं तर आई फोनवर, "माशात दही? अरे विरुद्ध अन्न ते!" तिचं म्हणणं डावलून दोनदा घातलंही, पण घास गोड लागला नाही. राहिलं मेयोनीज. रोज दोन मोठे चमचे, आणि एका चमच्यात दहा ग्रॅम तरी चरबी. म्हणजे माशातली चांगली चरबी नको म्हणून पाण्यातला ट्यूना आणायचा आणि बाटलीतली दुप्पट ओतून घ्यायची! हा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आला आणि मग तो डबा खाववेना.

शिवाय दुपारी एकला खाल्लेला ट्यूना मला चार वाजता बिस्किटांच्या पुड्याकडे घेऊन जायचा. सार्डिन खाल्ली की सात-साडेसातपर्यंत भूक आठवत नाही. हा माझ्या पोटाचा अनुभव, तुमचा वेगळा असू शकेल.

सार्डिनला काटे असतात ही भीती मलाही होती. लहानपणी तारलीच्या काट्याने घसा धरलाय, सुका भात गिळून तो उतरवलाय. टिनमध्ये उष्णतेने काटे इतके मऊ होतात की बोटांत धरून दाबले तर खडूसारखे चुरतात. ते काढू नका. 100 ग्रॅममागे 380 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं ते त्यांच्यामुळेच, ट्यूनात ते नावालाच.

पाऱ्याची भीती ट्यूनाच्या बाबतीत जरा जास्तच पसरली आहे, तरी ती निराधार नाही. मोठा मासा लहान माशांना खातो, पारा त्याच्यात साठत जातो. सार्डिन लहान, त्यामुळे तिच्यात फारच कमी. ट्यूनातही स्किपजॅक जातीत कमी, अल्बाकोरमध्ये जवळपास तिप्पट. बायको गरोदर असताना दाईने सांगितलेला एनएचएसचा नियम आम्ही पाळला: आठवड्याला ट्यूनाचे चारपेक्षा जास्त टिन नकोत. पण तेलकट मासेही, म्हणजे सार्डिनसुद्धा, आठवड्यातून दोनदाच. युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल त्यांनी सार्डिन डॉक्टरांना विचारूनच खावी.

आणि वास. तो आहेच. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये सार्डिन गरम करू नका, सहकाऱ्यांचा तरी विचार करा. डब्यात न्यायचं असेल तर ट्यूनाच बरा, तिथे मी सार्डिनची बाजू घेणार नाही.

घरी मात्र हिचं तिखलं होतं. सूर्यफुलाच्या किंवा ऑलिव्ह तेलातला टिन घ्या, टोमॅटो सॉसमधला नको. टिनमधलं तेल ओतून टाकू नका, माशाचं ओमेगा-3 थोडं त्यातही उतरलेलं असतं. तेच कढईत घ्या, ठेचलेला लसूण टाका, मंद आचेवर जरा लालसर झाला की हळद, मालवणी मसाला, चार आमसुलं आणि अर्धी वाटी पाणी. गावाहून आणलेली तिरफळं असतील तर दोन ठेचून टाका. उकळी आली की मासे अलगद सोडा, झाकण ठेवून दोन मिनिटं. डाव घालून ढवळलंत तर मोडतील, कढईच धरून हलवा. मीठ आधी चाखून बघा, टिनमध्ये असतंच. गरम भाताबरोबर एक टिन एका माणसाला पुरतो, आणि सिंकमध्ये काही जात नाही.

भाच्याला दोन्हींचा एकेक टिन घ्यायला सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्याचा पुन्हा फोन आला, लीड्समध्ये आमसुलं कुठे मिळतात म्हणून.