११० टक्क्यांची जीब घेतली, एका सीझननंतरचा रिव्ह्यू

आमची बोट म्हणजे जुनी जे-२४, चोवीस फुटी शिडाची बोट, सेकंडहँड घेतलेली. रेसिंग वगैरे काही नाही, रविवारी अपोलो बंदरहून मांडव्याच्या बाजूला जायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. बोटीसोबत फर्लरवर (पुढचं शीड गुंडाळायचं यंत्र) १५० टक्क्यांची जेनोआ, म्हणजे डोलकाठीच्या मागपर्यंत येणारं मोठं पुढचं शीड, आली होती, दोन सीझन तीच वापरली, या वेळी ११० ची जीब, म्हणजे त्याहून लहान पुढचं शीड, शिवून घेतली.

आधी हे टक्के कसले ते सांगतो, कारण मी स्वतःच यात तोंडावर पडलोय. शिडाची खालची कड मोजायची नाही. शीट (शीड ओढायचा दोर) बांधतो त्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत काटकोनात टेप धरायची आणि तो आकडा फोरस्टेच्या (डोलकाठीला पुढून धरणारी तार) बुडापासून डोलकाठीपर्यंतच्या अंतराने भागायचा. जे-२४ ला हे अंतर साडेनऊ फूट, म्हणजे १५० ला सव्वाचौदा फूट आणि ११० ला साधारण साडेदहा. मी गच्चीवर शीड पसरून खालची कड मोजली आणि शीडवाल्याला छातीठोकपणे १६० सांगितलं, त्याने हसून परत मोजायला लावलं.

आता मूळ दुखणं. दुपारचा खारा वारा वायव्येकडून येतो, त्यामुळे मांडव्याला जाताना तो पाठीशी असतो, १५० अशी फुगते की वाटतं काय बोट आहे राव आपली! परतताना तोच वारा तोंडावर. मार्च-एप्रिलमध्ये चारच्या सुमारास १५ नॉटच्या वर गेला की बोट आडवी व्हायला बघते, टिलर (सुकाणूचा दांडा) दोन्ही हातांनी खेचून धरला नाही तर नाक वाऱ्यात घुसतं, आणि दर टॅकला, म्हणजे वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाताना दर वळणाला, तेवढं सगळं कापड डोलकाठीपुढून पलीकडे नेऊन विंचवर आवळायचं. बायको एकदा म्हणाली, पुढच्या वेळी तू ये बोटीने, मी लाँचने येते. अर्धी गुंडाळूनही बघितली, पण गुंडाळलेल्या शिडाला मधेच पोट सुटतं आणि बोट वाऱ्यावर चढायचं नाव घेत नाही.

११० ने हा त्रास संपला. तेवढ्याच वाऱ्यात टिलर एका हातात राहतो. शिवाय मी मागचा कोपरा थोडा उंच ठेवायला सांगितला होता, त्यामुळे शिडाखालून पलीकडचं दिसतं. जेनोआ डेकला घासून जायची, त्या बाजूला लाँच आहे की मच्छीमाराच्या जाळ्याचा बोया, काही कळायचं नाही, कोणाला तरी पुढे वाकून बघत बसवायला लागायचं.

एक गोष्ट शिवणाऱ्याने सांगितली नाही. शीड लहान झालं की शीट ज्यातून जाते ती गाडी डेकवरच्या ट्रॅकवर पुढे घ्यायला लागते. पहिल्या दिवशी वरचा भाग नुसता फडफडत होता, मला वाटलं कटिंगच चुकलं, मनातल्या मनात शिव्याही घालून झाल्या, मग गाडी तीन भोकं पुढे घेतली आणि गप्प झालं. डिलिव्हरी मात्र तीन आठवडे उशिरा, त्याचा एक स्टार कापला.

आणि हो, थंडीत सकाळी मतलई वारा चार-पाच नॉटचा असतो तेव्हा ही जीब घेऊन बसाल तर ओहोटी नेईल तिकडे जाल. फक्त सकाळीच फिरणाऱ्यांनी हिच्या नादी लागू नये. आमच्यासारखं दुपारी जाऊन संध्याकाळी वाऱ्यावर चढत यायचं असेल आणि एकच शीड घ्यायचं असेल तर ११० घ्या.

१५० माळ्यावर आहे, डिसेंबरात काढणार. विकायची नाहीये, दोघांनी विचारून झालंय.