गूगल स्कॉलर: इलेक्ट्रोकेमिस्टच्या कामाचा हिशेब कितपत जमतो?

इलेक्ट्रोकेमिस्टचं (वीज आणि रासायनिक क्रिया यांच्या नात्यावर संशोधन करणाऱ्याचं) काम मोजायचं म्हटलं की आधी गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचं शोधनिबंधांचं सर्च इंजिन, उघडलं जातं. फुकट आहे, लॉगिन लागत नाही आणि सायटेशनचा (इतरांनी आपल्या लेखनात दिलेल्या संदर्भांचा) आकडा स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सशुल्क संदर्भ-सूचींपेक्षा बहुतेक वेळा मोठाच येतो, म्हणून प्रोफाइलवालाही खूश. मोठा येतो कारण जर्नलांबरोबर पीएचडीचे प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं, विद्यापीठांच्या सर्व्हरवरच्या पीडीएफ अशा सगळीकडची सायटेशनं यात धरली जातात. पसारा बघायला हे उत्तम. निवड समितीपुढे ठेवायला मात्र कच्चा माल.

कसोटीला जॉन बी. गुडइनफ यांचं नाव घ्या. लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, वयाच्या 97 व्या वर्षी. आडनाव दुर्मिळ, त्यामुळे नावांची सरमिसळ कमी. ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये लेखकाच्या चौकटीत आद्याक्षरं आणि आडनाव अवतरणचिन्हांत टाका, वर्ष 1980 ठेवा. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या कॅथोडवरचा (बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडवरचा), मिझुशिमा पहिले लेखक असलेला पेपर येईल. आता शीर्षक नीट वाचा. मुळात लिथियमचं प्रमाण 'शून्यापेक्षा जास्त आणि एकपर्यंत' असं आहे. डिजिटल नोंदीत 'एकपर्यंत'चं चिन्ह फुटून ते 'उणे एकपेक्षा कमी' झालंय. असा आकडा गणितात असूच शकत नाही! तरी संदर्भ-सॉफ्टवेअरमधून तो जसाच्या तसा शेकडो संदर्भयाद्यांत उतरला. रासायनिक सूत्रं असलेल्या शीर्षकांत हे नेहमीचंच. जुळणी हुकली की एकाच पेपरच्या दोन-तीन नोंदी होतात आणि सायटेशनं त्यांत वाटली जातात. प्रोफाइलच्या मालकाला दोन्ही नोंदींवर टिक करून 'मर्ज' करता येतं. बाहेरच्याने 'सर्व आवृत्त्या' उघडून बघायचं, एवढंच.

दुसरा खड्डा 1997 चा. लोह फॉस्फेट या बॅटरीच्याच कॅथोड-पदार्थावरचे गुडइनफ यांचे, पण पाढी पहिले लेखक असलेले दोन पेपर एकाच वर्षी जर्नल ऑफ द इलेक्ट्रोकेमिकल सोसायटीच्या 144 व्या खंडात आले, एक पान 1188 वर, दुसरा 1609 वर. 'पाढी आणि इतर, 1997' एवढंच पाहून संदर्भ घेणारा चुकीचं पान देऊ शकतो, आणि सायटेशन भलत्या पेपरला जातं. पान क्रमांक ताडल्याशिवाय दोन्ही पेपरांचे आकडे कुठे लिहू नयेत.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे विषयाची चाळणी नाही. गुडइनफ यांचं चुंबकत्वावरचं 1950 च्या दशकातलं काम (गुडइनफ-कानामोरी नियम त्यातलेच) आणि बॅटरीचं काम एकाच बेरजेत पडतं. 'इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतला प्रभाव' हवा असेल तर पेपर हातानेच वेगळे काढावे लागतात. स्वतःचीच सायटेशनं वगळायची सोयही नाही. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये ती आहे, पण संस्थेचं सबस्क्रिप्शन लागतं.

एच-इंडेक्सबद्दल, म्हणजे पेपरांची संख्या आणि त्यांची सायटेशनं एकाच आकड्यात बसवणाऱ्या मापाबद्दल, थोडं. भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी तो 2005 मध्ये मांडला: किमान 40 सायटेशनं असलेले 40 पेपर, तर एच 40. दहा हजार सायटेशनंवाला पेपरही यात एकच धरला जातो, म्हणजे 1980 चा तो कॅथोडवरचा पेपर आणि 41 सायटेशनंचा किरकोळ पेपर इथे सारखेच. शिवाय बॅटरी आणि सुपरकपॅसिटरवर धो-धो छापलं जातं, गंज किंवा इलेक्ट्रोॲनालिसिसवर (विजेच्या साह्याने केलेल्या रासायनिक विश्लेषणावर) तितकं नाही. दोन उपक्षेत्रांतल्या माणसांचे एच शेजारी ठेवणं म्हणजे आंबा आणि आवळा एका तराजूत.

आणि काही काम मोजणीत येतच नाही. सायक्लिक व्होल्टामेट्रीत (व्होल्टेज वर-खाली फिरवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीत) रँडल्स-सेव्हचिक समीकरण सर्रास वापरतात, पण दोघांचे 1948 चे मूळ पेपर संदर्भयादीत क्वचित दिसतात. दिसतं ते पाठ्यपुस्तक. यात दोष स्कॉलरचा नाही, लिहिणाऱ्यांच्या सवयीचा.

आपल्याकडची खरी डोकेदुखी नावांची. पाटील, जाधव, शिंदे आणि पुढे एकच आद्याक्षर, की स्कॉलर दुसऱ्याचे पेपर बिनदिक्कत चिकटवतं. प्रोफाइल नवं असेल तर सेटिंगमध्ये लेख आपोआप जोडण्याऐवजी 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडा. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) सोळा अंकी क्रमांक काढून प्रत्येक पेपर पाठवताना तोच द्या, आणि आद्याक्षरं कायम एकाच पद्धतीने छापा.

पेपर शोधायला पाचपैकी साडेचार. माणूस मोजायला अडीच, तेही वरचे दहा पेपर उघडून, पहिलं नाव कुणाचं आणि सायटेशन कशासाठी केलंय हे पाहण्याची तयारी असेल तरच. प्रमोशनच्या फाइलला आकडा लावायचा असेल तर स्कोपसचा घ्या आणि काढल्याची तारीख शेजारी लिहा, कारण पुढच्या महिन्यात तो वेगळा असेल.