नरसाळे सापळा: पतंग मोजायला पक्का, चक्रीभुंग्यापुढं आंधळा

पाच एकर सोयाबीनला दहा कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे लावले, त्याचा हा अनुभव. शेत औसा तालुक्यात, वाण फुले संगम, पेरणी २४ जूनची. सापळा साधाच: वर टोपी, मधे नरसाळं, खाली लांब प्लास्टिकची पिशवी. एक ६० रुपयांना पडला; आत लावायची रबरी गोळी, म्हणजे ल्युअर, २५ रुपयांना वेगळी.

पहिले बारा दिवस सगळ्या पिशव्या रिकाम्या. भावजी रोज चिडवायचे, "वहिनी, पतंगांना तुमचा पत्ता सापडंना झालाय." शेवटी ल्युअरच्या पुडीवरचं बारीक अक्षर वाचलं, तर दुकानदारानं गुलाबी बोंडअळीचे दिले होते! कपाशीचं आवतण सोयाबीनच्या शेतात. परत गेले तर म्हणाला, "सगळे सारखेच असतात हो ताई." सारखे नसतात. तंबाखूवरच्या अळीला स्पोडोल्युअर लागतो, घाटेअळीला हेलील्युअर. बदलून दिले, पण बारा दिवस गेले ते गेलेच. चूक दुकानाची, म्हणून सापळ्याचे गुण कापत नाही. आणि ल्युअर लावताना हात स्वच्छ ठेवा. आमच्या गड्याचा हात कायम तंबाखू मळलेला, त्यामुळं हे काम मी त्याच्याकडं दिलंच नाही.

नवे ल्युअर लावल्यावर दोन-तीन पतंग पडायला लागले. नागपंचमीच्या सुमारास लागोपाठ तीन रात्री सापळ्यामागं ९, ११, १० असा आकडा आला. सलग तीन रात्री आठ-दहा पतंग म्हणजे धोक्याची घंटा. भावजींनी लगेच पंप बाहेर काढला. २००८ च्या खरिपात पानं खाणाऱ्या अळ्यांनी मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची चाळण केली होती, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. त्यानंतरच तर राज्यात क्रॉपसॅपची, म्हणजे पिकांवरच्या किडींची सरकारी पाहणी सुरू झाली. मी म्हटलं, थांबा, सापळ्यात पडले ते नर, पानं खाणार ती अळी. आधी अळी बघू.

पानं उलटून बघितली तर अंड्यांचे पुंजके होते, काही पानं बारक्या अळ्यांनी खरवडून जाळीदार केलेली. ती खुडून रॉकेलच्या पाण्यात टाकली. मग दोन ओळींच्या मधे जुनं धोतर अंथरलं, मीटरभर ओळीतली झाडं हलकेच वाकवून झटकली आणि पडलेल्या अळ्या मोजल्या. वीस ठिकाणी मोजून सरासरी दोनच्या वर गेली नाही. फुलोऱ्याआधी मीटरला चार झाल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही. पाच टक्के निंबोळी अर्कावर भागवलं. पुढं आठवडाभर झड लागली आणि शेंड्यावरच्या पानांना चिकटून मेलेल्या पांढऱ्या अळ्या दिसायला लागल्या. ही नोमुरिया बुरशीची कृपा, सापळ्याची नव्हे. पण सापळा नसता तर पंप आधीच चालला असता.

आता तक्रार. चक्रीभुंगा आणि खोडमाशी या खोड पोखरणाऱ्या किडी सापळ्याला कळतच नाहीत. मी पिशव्यांवर भरवसा ठेवून ओढ्याकडच्या पट्टीत फिरलेच नाही. गेले तेव्हा अर्ध्या एकरात देठांवर दोन-दोन गोल खाचा पडलेल्या, त्याच्या वरची पानं वाळलेली. दोन खाचांच्या मधे अंडी घालून भुंगा कधीच उडून गेलेला. तेवढ्या तुकड्यावर औषध मारावंच लागलं. शिवाय पीक वाढेल तशी काठी उंच करावी लागते. सापळा शेंड्याच्या फूटभर वर हवा, नाहीतर पानांत बुडतो. दोन पिशव्या पहिल्याच वाऱ्यात फाटल्या, प्लास्टिक जरा जाड हवं होतं.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वर्षी पुन्हा घेणार, पण पुडीवरचं नाव दुकानातच वाचून. भावजी हल्ली सकाळी चहाच्या आधी पिशव्या मोजून येतात, आणि आकडा मला नाही, आधी शेजाऱ्याला सांगतात.